फुटबॉलवर नाच बसवतेयस? आधी मैदानावर जा
अगं, वस्तीतल्या पोरांना घेऊन पहिल्यांदाच फुटबॉलवर डान्स थिएटर, म्हणजे नाचातून सांगितलेलं नाटक, बसवतेयस ना, मग पहिले दोन आठवडे स्टेप्स शिकवूच नकोस, नुसतं त्यांना खेळताना बघ. पेनल्टीआधी गोलकीपर टाचा उचलून कसा डुलतो, तुझा ताल तिथेच आहे. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी २००१ मध्ये वस्तीतल्या पोरांसाठी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं ते पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं बघून, म्हणजे बॉल नसला तरी खेळ असतोच, त्यामुळे स्टेजवर खरा बॉल अगदी शेवटीच आण. आणि गरिबी दाखवायला फाटके कपडे अजिबात नको गं, पोरांना आपल्या जर्सीचा केवढा अभिमान असतो! तालमीआधी काहीतरी खायला दे, उपाशी पोर उडी मारताना चक्कर येऊन पडतं.