बीपीचा धोका आधीच सांगणारी रक्ततपासणी वहिनीला करावी का?

तुम्ही लिहिलंय, वहिनीला तिसरा महिना चालू आहे, मागच्या खेपेला बीपी वाढून आठव्या महिन्यातच बाळंतपण करावं लागलं, आणि आता लॅबवाल्याने ‘पीएलजीएफ’ तपासणी सुचवलीय. शिवाय दिवाळीनंतर दादा-वहिनी ऊसतोडीला जाणार. मी बीड जिल्ह्यात एकवीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

तपासणी खोटी नाही. वार (प्लासेंटा) नीट रुजली नाही, गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, तर वारेतून पीएलजीएफ हे प्रथिन कमी सुटतं. बीपी चढायच्या कितीतरी आधी, 11 ते 13 आठवड्यांतच, ते रक्तात कमी दिसू शकतं. पण नुसत्या त्या आकड्यावर भाकीत करत नाहीत. दोन्ही हातांचं बीपी, गर्भाशयाच्या धमन्यांचं डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) आणि आईची आधीची माहिती मिळून हिशेब मांडतात.

आणि वहिनीच्या बाबतीत मागच्या बाळंतपणानेच सगळं सांगून ठेवलंय. ती आत्ताच अतिजोखमीची माता आहे. रिपोर्ट चांगला आला म्हणून ती जोखीम पुसली जात नाही. उलट घरचे निर्धास्त होतात, याची मला जास्त भीती वाटते.

म्हणून रिपोर्टची वाट न पाहता या आठवड्यातच तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या आणि ॲस्पिरिनबद्दल विचारा. 2017 च्या ‘ॲस्प्रे’ अभ्यासात जास्त धोक्याच्या बायकांना 11 ते 14 आठवड्यांपासून 36 आठवड्यांपर्यंत रोज रात्री 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली. 37 आठवड्यांआधी हा गरोदरपणातला बीपीचा आजार (प्रीएक्लॅम्प्सिया) होऊन बाळंतपण होण्याचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आलं. गोळी 16 आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी. मात्र मनाने घेऊ नका. अल्सर, दमा, रक्तस्रावाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. कॅल्शियम सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, तेही चुकवू नका.

पुढे सहाव्या महिन्यानंतर बीपी किंवा सूज बघून शंका आली, तर एसएफएलटी-1 (वारेतून सुटणारं दुसरं प्रथिन) आणि पीएलजीएफ यांचं गुणोत्तर काढतात. ते 38 किंवा त्याहून कमी असेल तर पुढच्या आठवड्याभरात आजार उद्भवण्याची शक्यता फार कमी. डॉक्टरांनी सांगितलं तर तेव्हा पैसे घाला. आत्ता तेच पैसे दंडावर बांधायच्या डिजिटल बीपी यंत्राला लावा.

ऊसतोडीचं मात्र मन लावून ऐका. फडातून आमच्याकडे आलेली एक पोरगी आठवते. दोन दिवस डोकं ठणकत होतं, सगळे म्हणाले ऊन लागलं. आली तेव्हा बीपी 180/120, आणि वॉर्डाच्या दारातच झटका आला. मॅग्नेशियमची इंजेक्शनं मीच दिली. ती वाचली, लेकरू नाही वाचलं. तिच्या कार्डावर पाचव्या महिन्यानंतर बीपीची एकही नोंद नव्हती.

दादाला सांगा, उचल घेतली असली तरी मुकादमाशी बोलून वहिनीला या हंगामात गावीच ठेवा. आशाताईंकडे नाव नोंदवा, दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात विशेषज्ञांची तपासणी असते, तिथे बीपी आणि लघवीतलं प्रथिन दोन्ही बघून घ्या. 140/90 किंवा त्याच्या वर गेलं तर त्याच दिवशी दवाखाना. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली उजवीकडे दुखणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा. बाळंत झाल्यावरही सहा आठवडे हेच लक्ष ठेवा, कारण झटके तेव्हाही येतात.