पुण्याहून मार्चअखेर काश्मीरला जातोय, गुलमर्गला गोल्फ खेळता येईल का?

नाही, मार्चअखेर गुलमर्गच्या कोर्सवर साधारणपणे बर्फच असतो. किट नेणारच असाल तर श्रीनगरच्या रॉयल स्प्रिंग्ज या गोल्फ कोर्सवर खेळा. गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे, श्रीनगर १६०० च्या आसपास, म्हणून श्रीनगरचा बर्फ आधी वितळतो. जमीन मात्र ओली आणि मऊ असते. पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर उन्हाळ्यात चेंडू पडल्यावरही छान घरंगळत पुढे जातो, तसं तिथे धरू नका. पडेल तिथेच रुतेल. फेअरवेवर (कोर्सवरच्या बारीक कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चेंडू स्वतःच्याच खळग्यात रुतला तर गोल्फच्या नियम १६.३ प्रमाणे दंड न लागता उचलून, पुसून ड्रॉप करता, म्हणजे हातातून खाली सोडता येतो, आणि त्या दिवसांत हा नियम फार कामाला येतो. फक्त मार्च-एप्रिलमध्ये खोऱ्यात पाऊस बराच पडतो, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करूनच निघा.