आईबापांना मारण्याआधी

अरे, तुझ्या सुपरहिरोच्या गोष्टीत पहिल्याच पानावर नायकाचे आईबाप मारलेस, ते का? 'रात्रभर कुठे होतास?' विचारणारं घरात कुणी नको, म्हणूनच ना? ही तुझी सोय झाली. बॅटमॅन कॉमिक्समध्ये मे १९३९ ला आला, त्याच्या आईवडिलांचा खून नोव्हेंबरच्या अंकात दाखवला. म्हणजे आधी मुखवटा, मग जखम! स्पायडरमॅन (१९६२) मात्र नीट बघ. समोरून पळणाऱ्या चोराला पीटर, म्हणजे स्पायडरमॅनच, 'आपल्याला काय त्याचं' म्हणून जाऊ देतो. तोच चोर पुढे पीटरला वाढवणाऱ्या बेनकाकांना गोळी घालतो. मेकाकू जिवंतच ठेवलीय, म्हणून घरभाड्याची काळजी आहे, तिच्यापासून पोशाख लपवायची धांदल आहे. तुझ्या नायकाची आई जगू दे. बापाच्या मरणात पोराची चूक कुठली, तेवढा प्रसंग आधी लिहून दाखव.