‘टक्कर टळली’ की ‘अंतरभंग झाला’?

परुळ्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे : ‘चिपीचा विमानतळ २०२१मध्ये सुरू झाला तेव्हापासून आमच्या मुलांना विमानांचे वेड आहे. परवा आठवीतल्या एकाने बातमी दाखवली. दोन विमाने चार सागरी मैलांवर आली होती आणि मथळा होता, “टक्कर थोडक्यात टळली”. चार मैल म्हणजे थोडक्यात कसे, असे त्याने विचारले. याला इंग्रजीत “लॉस ऑफ सेपरेशन” म्हणतात असे कळले. मराठीत काय म्हणावे? “विलगता गमावणे” चालेल का?’

बाई, मुलाची शंका अगदी रास्त आहे. घोळ त्याच्या समजण्यात नाही, मथळ्यात आहे.

आकाशात विमानांमध्ये किती अंतर असावे हे नियमाने ठरलेले असते. मोठी प्रवासी विमाने साधारण ज्या उंचीवर उडतात तिथे वरखाली १,००० फूट, किंवा आडवे, रडार पाहत असेल तर मार्गावर सहसा ५ सागरी मैल आणि विमानतळाजवळ ३. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा. वरखाली हजार फूट असतील तर एक विमान दुसऱ्याच्या बरोबर डोक्यावरून गेले तरी चालते. रात्री किनाऱ्यावर उभे राहिले की दोन दिवे एकमेकांना भिडल्यासारखे दिसतात, ते बहुधा असेच. दोन्ही अंतरे एकाच वेळी कमी पडली, की मात्र ‘लॉस ऑफ सेपरेशन’. विमाने एकमेकांना दिसलीही नसतील, दोन्ही वेगळ्या दिशांना निघूनही गेली असतील, तरी नोंद होते आणि चौकशी होते.

आणि चार मैल खूप वाटतात ते आपण होडीच्या हिशेबाने बघतो म्हणून. समोरासमोर येणारी दोन विमाने प्रत्येकी ताशी ४५० सागरी मैलांनी येत असतील तर मधले ५ मैल २० सेकंदांत संपतात. हे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवा, फार छान उदाहरण आहे.

आता शब्दाकडे. ‘सेपरेशन’साठी हिंदीत ‘पृथक्करण’ असा शब्द आहे, पण मराठीत पृथक्करण म्हटले की प्रयोगशाळा आठवते, मातीचे नाहीतर पाण्याचे. ‘विलगीकरण’ २०२०पासून करोनाने कायमचे नेले आहे आणि ‘विलगता’ त्याच घरातली. ‘फारकत’ म्हणजे काडीमोड. राहतो तो आपला साधा, सगळ्यांना कळणारा ‘अंतर’. टँकरच्या मागे ‘सुरक्षित अंतर ठेवा’ लिहिलेले असते ना, तोच.

पण हा शब्द जपून वापरावा लागतो, कारण मराठीत त्याच्यामागे क्रियापद कोणते येते त्यावर सगळे अवलंबून आहे. ‘अंतर देणे’ म्हणजे सोडून देणे. ‘मला अंतर देऊ नकोस’ असे आपण देवाला म्हणतो. म्हणून ‘नियंत्रकाने (जमिनीवरून विमानांना वाट आणि उंची सांगणाऱ्याने) विमानांना अंतर दिले’ हे वाक्य मराठी कानाला भलतेच काही सांगते. ‘अंतर पडणे’ म्हणजे मने दुरावणे. ‘अंतरणे’ म्हणजे मुकणे : पोर लहानपणीच आईला अंतरले. आणि ‘अंतर गमावले’ हे निव्वळ इंग्रजीचे कलम. आपण पैसे गमावतो, माणसे गमावतो, अंतर गमावत नाही. नियंत्रक करतो त्या कामाला मराठीत एकच क्रियापद शोभते : अंतर राखणे. ज्या कोकणात गावागावाला राखणदार आहे तिथे ‘राखणे’ या शब्दात किती जागरूकता भरली आहे हे मी सांगायला नको.

राखलेले मोडले, तर त्याला काय म्हणायचे? मी ‘अंतरभंग’ सुचवतो. व्रतभंग, शिस्तभंग, शांतताभंग, रसभंग यांच्या पंक्तीत तो सहज बसतो. जे पाळायचे ठरले होते ते मोडले, एवढेच ‘भंग’ सांगतो. पुढे काय झाले किंवा टळले याबद्दल तो गप्प राहतो. आपल्याकडचे वैमानिक आणि नियंत्रकही ‘ब्रीच ऑफ सेपरेशन’ म्हणतात, म्हणजे भंगच. किनाऱ्यापासून फार दूर, अरबी समुद्रावर जिथे रडार पोचत नाही, तिथे राखायचे अंतर कितीतरी मोठे असते. तेच आठ मैल मुंबईजवळ नियमात बसतील आणि तिथे अंतरभंग ठरतील. ‘टक्कर टळली’ म्हटल्यावर हे सांगायला जागाच उरत नाही.

‘उल्लंघन’ मला नको वाटते. उल्लंघन कोणीतरी करतो. भंग नुसता होऊही शकतो. चूक नियंत्रकाची, वैमानिकाची की ऐकण्यातली, हे चौकशीआधी वाक्याने ठरवू नये.

‘एअरप्रॉक्स’ हा शब्दही बातम्यांत येतो, तो वेगळा. त्यात मोजमाप नसते. सुरक्षितता धोक्यात आली असावी असे वैमानिकाला किंवा नियंत्रकाला वाटले, हे असते. ‘जवळीक’ तिथे नको, तिला माया चिकटली आहे. ‘सान्निध्य’ तर संतांचे. ‘विमाने धोकादायकरीत्या जवळ आली’ असे सरळ लिहावे. आणि टक्कर खरोखरच होते तेव्हा टक्करच म्हणावे. १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमाने आदळून ३४९ माणसे गेली. एकाला १४,००० फूट नेमून दिले होते, दुसऱ्याला १५,०००. मधले हजार फूट राखलेले होते. कझाक विमान ठरल्या उंचीखाली आले आणि ते मोडले.

लिहिताना ‘अंतर्भंग’ करू नका. ‘अंतर्’ म्हणजे आत, मधे. अंतर्मन, अंतर्गत त्यातले. वधूवरांच्या मधला अंतरपाटसुद्धा संस्कृतातल्या ‘अंतःपट’वरून आलेला. ‘अंतर्भंग’ म्हणजे आतून मोडणे होईल. आपल्याला हवे आहे ते नाम ‘अंतर’, म्हणून रेफ नाही, पुरा ‘र’.

तुमच्या विद्यार्थ्याच्या बातमीचा मथळा मी असा केला असता : ‘दोन विमानांत अंतरभंग, चौकशी सुरू’. आणि खाली पहिल्याच ओळीत, किती राखायचे होते आणि किती उरले, हे दोन आकडे.