दोन बोटं गेली, आता मालिका सोडू का?

प्रश्न : ताई, स्टीफन किंगच्या ‘द डार्क टॉवर’ मालिकेतला पहिला भाग, ‘द गनस्लिंगर’, मी दोन रात्रींत संपवला. कमी बोलणारा, नेम न चुकणारा, कुणाचीही पर्वा न करणारा रोलंड मला जाम आवडला. लगोलग दुसरा भाग घेतला, ‘द ड्रॉइंग ऑफ द थ्री’. आणि सुरुवातीलाच समुद्रातून निघालेलं एक जनावर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तोडतं! पुढे रोलंड तापाने फणफणत किनाऱ्यावर खुरडतोय आणि गोष्ट चाललीय न्यूयॉर्कच्या एका गर्दुल्ल्याची. ज्याच्यासाठी पुस्तक घेतलं त्यालाच लेखकाने निकामी करून टाकलं. कसंबसं संपवलं. तिसरा भाग घेऊ की इथेच रामराम ठोकू?
— एक फसलेला वाचक

उत्तर : तुमचं पत्र वाचून कपाटातली माझी प्रत काढली. बोटं तुटतात त्या पानाच्या समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, ‘हा काय आचरटपणा!’ त्यानंतर मीही पुस्तक मिटून ठेवलं होतं, चांगलं तीन-चार महिने. तेव्हा तुमच्या रागाला मी नावं ठेवणार नाही.

(ज्यांनी हे दोन भाग वाचलेले नाहीत त्यांनी इथेच थांबावं. मागून मला बोल लावू नये.)

पहिल्या भागाचा शेवट आठवा. डोंगराच्या पोटात, मोडक्या पुलावर रोलंडसोबतचा पोरगा जेक लोंबकळतोय आणि रोलंड ज्याच्या मागावर आहे तो काळ्या कपड्यांतला माणूस निसटायच्या बेतात आहे. रोलंड माणसामागे जातो, पोरगा खाली जातो. आपण ‘अरेरे’ म्हणून पान उलटतो, कारण एव्हाना रोलंड शोधतोय त्या मनोऱ्याचं वेड आपल्यालाही लागलेलं असतं. रोलंडच्या नावावर ही उधारी तशीच राहते. पुस्तक १९८२ साली आलं, पुढचा भाग १९८७ साली. पाच वर्षं वाचकांनी रोलंडला तसाच, धडधाकट आणि न पस्तावलेला, मनात बाळगला. आणि मग किंग वसुलीला येतो.

बघा, तोडतो कुठली बोटं? तर्जनी आणि मधलं. बंदुकीचा घोडा ओढायचं बोटच जातं. काडतुसंही भिजलीत, त्यामुळे कुठलं उडेल आणि कुठलं नुसतं खट् करेल याचा भरवसा नाही. आणि हे करणारा कोणी राक्षस किंवा मांत्रिक असता तर आपण सूडाची वाट बघत बसलो असतो. इथे आहे एक खेकड्या-विंचवासारखं जनावर, प्रश्न विचारल्यासारखे आवाज काढत भरतीबरोबर किनाऱ्यावर येणारं. त्याच्यावर काय सूड उगवणार! तुम्हाला नेमका याचाच राग आलाय असं मला वाटतं, आणि मला आता तीच जागा पुस्तकातली सगळ्यात धीट वाटते.

एका पोराला खाली जाऊ देणाऱ्या माणसाला आता जगायचं तर परक्यांचा हात धरावा लागतो. किनाऱ्यावरच्या, न्यूयॉर्कमध्ये उघडणाऱ्या दारांतून आणलेले परके : एक गर्दुल्ला, आणि पाय गमावलेली एक बाई, जिच्या डोक्यात ओडेट्टा आणि डेट्टा अशा दोन बायका नांदतात. ‘अ‍ॅस्पिरिन’ म्हणता येत नाही म्हणून रोलंड ‘अ‍ॅस्टिन’ मागतो, तेव्हा मला हसू येतं आणि पोटात तुटतंही. शेवटाकडे तर हा थोर बंदूकबाज एका औषधाच्या दुकानात बंदूक रोखतो आणि मागतो काय, तर अँटिबायोटिक! वर गोळ्यांच्या बदल्यात मनगटी घड्याळ ठेवून जातो. पहिल्या भागातला रोलंड असा दिसला असता?

तिसरं दार मात्र तुम्ही घाईत उरकलंत, पत्रात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. जेकला न्यूयॉर्कमध्ये गाडीपुढे ढकलून मारणारा, आणि त्यामुळेच रोलंडच्या जगात धाडणारा माणूस आठवतो ना? त्या दारामागे तोच आहे. रोलंड त्याच्या डोक्यात शिरलेला असतानाच तो पोरामागे उभा असतो, आणि रोलंड त्याला ढकलू देत नाही. ती पानं परत वाचा.

तुमच्या बाजूने एक गोष्ट म्हणते. डेट्टाच्या तोंडची भाषा मला आजही सहन होत नाही. शिव्यांचं वावडं नाही मला, पण तिथे माणूस बोलत नाही, नक्कल बोलते. असली पानं भराभर उलटली तर लेखकाचा अपमान होत नाही.

तिसरा भाग, ‘द वेस्ट लँड्स’, घ्या. न ढकललेल्या जेकचा गुंता तिथेच सुटायला लागतो. फक्त चौथा जवळ असल्याशिवाय सुरू करू नका. तिसरा संपतो अशा जागी, की १९९१च्या वाचकांना १९९७पर्यंत ताटकळावं लागलं. चौथ्या भागात बराचसा चौदा वर्षांचा रोलंड आहे, दहाही बोटांचा. तुमची सोय झाली.

प्रश्न : ‘द गनस्लिंगर’मधल्या टल गावातली अ‍ॅली माझ्या मैत्रिणीच्या प्रतीत मरण मागते, माझ्या प्रतीत नाही. आमच्यापैकी कोण चुकतंय?

उत्तर : कुणीच नाही. ‘द गनस्लिंगर’ आधी १९७८ ते १९८१ मासिकात पाच कथा म्हणून आला होता, मग १९८२ साली पुस्तक झालं. पुढच्या भागांशी सांधा जुळावा म्हणून २००३ साली किंगने ते दुरुस्त केलं. जुन्या प्रतीत अ‍ॅलीला ढाल म्हणून पुढे धरलेलं असतं, ती घाबरून ओरडत असते आणि रोलंड गोळी झाडतो. नव्या प्रतीत ती स्वतःच ‘मार’ म्हणते. तुमची प्रत जुनी दिसते. मैत्रिणीला देऊ नका, देऊन टाकली तर परत मागा. रोलंडला थोडा चांगला करायची ती दुरुस्ती मला रुचलेली नाही.