बारवर नंबर लागतो कधी?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी ऐरोलीला राहते. मुलगी साडेनऊ वर्षांची, चौथीत आहे. तीन वर्षं झाली, ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला एका क्लासला जिम्नॅस्टिक्स शिकते. आठवड्यातले चार दिवस चारची गाडी पकडायची, ठाण्याला नऊ-दहा नंबरवर उतरायचं, पूल चढायचा, रिक्षाची रांग. परतीला संध्याकाळची गर्दी, तिची बॅग माझ्या डोक्यावर. मी घरून काम करते म्हणून जमतं.

क्लासच्या भिंतीवर अमेरिकन लेव्हलचा तक्ता लावलाय. मुलगी चौथ्या लेव्हलला आहे आणि दीड वर्ष तिथेच आहे. मे महिन्यातल्या परीक्षेत पुढे जायला ४० पैकी ३४ हवे होते, तिला ३३.७० मिळाले. बीमवरून, म्हणजे त्या अरुंद पट्टीवरून, एकदा पडली, अर्धा गुण गेला. ठीक आहे, पडली ती पडली. नोव्हेंबरच्या परीक्षेच्या तीन आठवडे आधी ग्रुपवर मेसेज आला : एकूण ३४ तर हवेतच, शिवाय आता प्रत्येक साधनावर किमान ८.५० हवेत. हिला टेबलवर (धावत येऊन उडी मारायची ते) ८.९०, बीमवर ८.६५, फ्लोअरवर ८.९० आणि बारवर (खाली-वर दोन आडवे दांडे) ८.१०. बेरीज ३४.५५. जुन्या नियमाने पास, नव्याने नापास. हिच्यानंतर वर्षभराने आलेली मैत्रीण मे महिन्यात पुढे गेली, तेव्हा तिला बारवर ८ सुद्धा नव्हते.

सरांना विचारलं तर म्हणाले, बार कच्चा आहे, पर्सनल कोचिंग लावा. तासाचे ८०० रुपये. परीक्षेचे १,५०० वेगळे. क्लासमध्ये बारचा सेट एकच. मंगळवारी आणि शुक्रवारी २५-२५ मिनिटं, मुली चौदा. तळहाताची कातडी सोलून घरी येते आणि गाडीत विचारते, "आई, मी एकच इयत्ता दोनदा करतेय का?" क्लास बदलू का? आणि कृपा करून दीपा कर्माकरचं उदाहरण देऊ नका, सर ते दर पालकसभेत देतात.

— एक आई, ऐरोली

उत्तर : ऐरोलीच्या ताई, दीपाला बाजूला ठेवते. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली तिचं कांस्य ०.१५ ने हुकलं हे खरं, पण तेव्हा ती २३ वर्षांची होती आणि तिच्या फायनलचे नियम तीन आठवडे आधी कुणी ग्रुपवर बदलले नव्हते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी शेवटी, जाता जाता लिहिलीत. बारचा सेट एक, मुली चौदा, आठवड्याला ५० मिनिटं. मी पाकिटाच्या मागे भागाकार करून पाहिला. एका मुलीच्या वाट्याला आठवड्यात साडेतीन मिनिटं येतात. त्यातच पावडर लावणं, गादी सरकवणं आणि सरांचं बोलणं आलं. माझ्या चहाला उकळी फुटायला याहून जास्त वेळ लागतो. आणि एवढ्यावर तिने बारवर ८.१० आणले आहेत! मी पंच म्हणून बसत असे तेव्हा बारवर साडेसातच्या पुढे गेलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी दिसली की बाजूच्या साधनाच्या पंच बाईसुद्धा मान वर करून बघायच्या.

म्हणजे सर चुकले का? थांबा. नियमातलं किमान ८.५० मला मूर्खपणाचं वाटत नाही. भिंतीवर जो तक्ता आहे त्यात चौथ्या लेव्हलला किप येतो. खालच्या बारला लटकून पुढे घसरायचं, शेवटच्या क्षणी पावलं बारपाशी आणायची आणि झटक्यात कंबर बारवर. सांगायला अर्धं वाक्य, यायला कुणाला सहा महिने तर कुणाला वर्ष. आज आला म्हणून टाळ्या वाजवाव्यात तर उद्या पुन्हा गायब. पाचव्या लेव्हलला तोच किप वरच्या बारवर करायचा असतो, आणि वरचा बार अडीच मीटरवर. खाली अर्धवट जमलेली गोष्ट तिथे नेली तर मुलगी हातांनी नाही, खांद्यांनी खेचते. सर सगळ्या साधनांवर वेगळी किमान मर्यादा लावतायत ती बहुधा याच कारणासाठी. फ्लोअर गोड दिसतो म्हणून बार झाकला जातो, बेरीज अशी फसवते. तुमच्या मुलीच्या मैत्रिणीच्या बाबतीत मे महिन्यात नेमकं हेच झालं असणार, आणि ती आज वरच्या बारखाली उभी राहून काय करतेय हे मला बघायला आवडेल.

माझी अडचण नियमाच्या रीतीशी आहे. तो अमेरिकन तक्ता तिथे कसा चालतो ते ऐका. एक ते दहा लेव्हल. पहिल्या पाचांत देशभरातल्या मुली एकच ठरलेलं रूटीन करतात, फ्लोअरचं संगीतसुद्धा सगळ्यांना तेच. सहापासून जिचं तिचं रूटीन. तिथे स्पर्धाच लेव्हलवार होते, म्हणून कोण कुठल्या लेव्हलला याला अर्थ आहे. काही लेव्हल ओलांडायला मान्यताप्राप्त स्पर्धेत ठरावीक गुण लागतात, आणि ते गुण शिकवणारे सर देत नाहीत, बाहेरचे पंच देतात. आपल्याकडे तक्ता आला, लॅमिनेट होऊन भिंतीवर चढला, पण पंच आले नाहीत. शिकवणार तेच, गुण देणार तेच, बार कच्चा आहे सांगणार तेच आणि पक्का करायचे तासाला ८०० घेणारही तेच. सर प्रामाणिक असतील, नव्हे, असतीलच असं धरून चालू. तरी हे चारही कपडे एकाच खुंटीला टांगलेले मला बघवत नाहीत.

आणि आपल्या स्पर्धा? शालेय स्पर्धेत कुणी लेव्हल विचारत नाही, जन्मतारीख विचारतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट. प्रवेशिका शाळा भरते, क्लास नाही. तुमची शाळा ऐरोलीत असेल तर ती नवी मुंबई महापालिका क्षेत्रातून खेळणार, क्लास ठाण्यात असला म्हणून ठाण्यातून नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पी.टी.च्या शिक्षकांना भेटा. पुष्कळ शाळांत त्यांना पत्ताच नसतो की आपल्या वर्गात एक मुलगी बीमवर कार्टव्हील करते. मी ३१ वर्षं ठाण्यातल्या शाळेत होते. अशा किती मुली मला सातवी-आठवीत, तेही कुणीतरी गॅदरिंगमध्ये नाचताना पाहून सांगितलं म्हणून, कळल्या.

त्यामुळे क्लास बदलण्याआधी हे लक्षात घ्या, की "लेव्हल चार" हा दाखला दुसऱ्या क्लासला चालत नाही. नवे सर पहिल्या दिवशी तिला हॅन्डस्टँडला उभं करतील, खांदे बघतील, आणि त्यांच्या हिशोबाने कुठेतरी बसवतील. कदाचित आणखी खाली. किप मात्र बरोबर नेता येतो.

तुमची मुलगी विचारते ती एकच इयत्ता दोनदा करतेय का. तिला सांगा, इयत्तेला वय लागतं, म्हणून मागे राहिलं की लाज वाटते. इथे तसं नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मुलींना त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात. हा नियम १९९७ पासूनचा. त्याआधी १५ होतं, त्याहीआधी १४, आणि नादिया कोमानेचीने माँट्रियलला १९७६ साली दहापैकी दहा घेतले तेव्हा ती १४ ची होती. वयाची अट खाली आणा असं म्हणणारं कुणी मला भेटलेलं नाही. दीड वर्षाने काही बिघडलेलं नाही, ताई. घाई तुम्हाला आहे, आणि थोडी तुमच्या गाडीच्या वेळापत्रकाला आहे. रागावू नका.

घाई मीही केली होती. दोन-अडीच दशकांपूर्वीची गोष्ट. सहावीतली मुलगी, पाठीला स्प्रिंग बसवलेली. वडील रोज शाळा सुटताना स्कूटर घेऊन गेटवर. "बाई, हिला मोठ्या मुलींत घ्या ना." मी म्हटलं, घेऊ. मोठ्या मुलींबरोबर रोज तीस-चाळीस बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे हात टेकवून मागे उलटी उडी. दिवाळीनंतर एकदा मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून जात होते. ती पायरीवर बसली होती, डबा दोन गुडघ्यांत धरलेला, आणि झाकणाचा कान दातांनी उचलत होती. मी विचारलं, हाताने का नाही? म्हणाली, "असंच, बाई." मनगट वळत नव्हतं. तीन आठवडे ती हे लपवत होती, कारण दुखतं म्हटलं तर परत लहान मुलींत पाठवतील. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून समजावलं, की वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेची पट्टी असते, हाड तिथून वाढतं. तळहातावर वजन पेलून पेलून तीच दुखावली होती. सहा आठवडे हातावर भार बंद. मनगट बरं झालं, मुलगी परत आली नाही. वडिलांना दोष देऊन मी पुष्कळ वर्षं सुटले. होकार माझा होता.

म्हणून तुमच्या सरांना मी "पुढे पाठवा" म्हणायला सांगणार नाही. एकट्या जा, मुलगी बरोबर नको, आणि ग्रुपवर तर मुळीच नको. बारचे १.९० गुण कुठे कुठे कापले ते विचारा. दहातून वजा करत जातात. वाकलेला गुडघा, सुटलेली पावलं, मध्येच थांबणं, जास्तीचा झोका, प्रत्येकाची वजाबाकी कागदावर येते. कागद असेल तर पाच मिनिटांत कळेल की किपच नाही, की किप आहे आणि पावलं सुटतात. दोन्हींवरचं औषध वेगळं. कागद नसेल तर ८.१० हा आकडा आला कुठून, हा प्रश्न तुम्हाला विचारावा लागणार नाही, सर स्वतःच जरा अवघडतील.

मग बारच्या वेळेचं बोला. चौदांचे सात-सातचे दोन गट केले, एक गट बारवर असताना दुसरा बीमवर, आणि बीमच्या वेळेत अदलाबदल, तर एक रुपया न वाढता तिची साडेतीन मिनिटं सात होतात. हे क्लासच्या वेळेत बसतं. सरांना सुचलं नसेल असं नाही, कुणी मागितलं नसेल. आणि एक मागा : परीक्षा चौथ्या लेव्हलची राहू दे, पण फ्लोअर आणि बीमवर तिला पाचव्या लेव्हलच्या गोष्टी शिकवायला सुरुवात करा. बऱ्याच ठिकाणी असंच चालतं. ज्या साधनावर मूल तयार आहे तिथे पुढे, जिथे नाही तिथे जागेवर. दीड वर्ष तेच फ्लोअरचं रूटीन केलं तर मोठं माणूससुद्धा कंटाळून पावलं टाकायला लागेल. नियम बदलायचाच असेल तर पुढच्या परीक्षेपासून, आणि सहा महिने आधी सांगून. हे तीन-चार पालकांनी मिळून म्हटलं तर बरं, पण ज्यांच्या मुली पास झाल्यात त्यांतली एक आई बरोबर असू द्या. नाहीतर ते रडगाणं वाटतं.

८०० रुपयांचा तास? माझं मत विचाराल तर कागद बघितल्याशिवाय नाही. किपच येत नसेल तर पाच-सहा तास लावा, मोजून. पावलं सुटत असतील तर पैसे ठेवा, ते घरी गालिच्यावर होतं.

घरी काय करायचं तेही सांगते, कारण तुम्ही विचारलं नाहीत तरी कुणीतरी दाराच्या चौकटीत लावायचा बार ऑनलाइन मागवणारच. नको. त्यावर किपचा झोका घेतला की बार निसटतो. सोसायटीच्या बागेतला माकडबारही नको, खाली काँक्रीट असतं. पाठीवर झोपून कंबर जमिनीला चिकटवायची, हात-पाय वीतभर उचलायचे, वीस आकडे मोजायचे, पाच वेळा. किपला लागतं ते पोट यातून येतं. टीव्ही बघत करू दे.

एक चौकशी. मैत्रिणीचे बारचे गुण तुम्हाला कुणी सांगितले? मुलीने सांगितले असतील तर ती गाडीत बसून दुसऱ्यांचे दशांश पाठ करतेय. तुम्ही दुसऱ्या आईकडून काढले असतील, तर पुढच्या वेळी काढू नका.

आणि तळहात. फोड फुटला असेल तर लोंबणारी कातडी ओढू नका, स्वच्छ कात्रीने कडेशी कापा. साबण-पाण्याने धुवा, झोंबेल, धुवा. रात्री व्हॅसलिन लावून जुना सुती मोजा हातावर चढवा, बोटांना भोकं पाडून. जखम भरेपर्यंत बार बंद. या आठवड्यात तिची साडेतीन मिनिटं चुकली तर चुकू द्यात, त्याबद्दल सरांशी भांडायला मी तुम्हाला पाठवत नाही.