विटांच्या जुन्या फायरप्लेसमध्ये लाकडाचा स्टोव्ह बसवतोय. आतून गिलावा कशाचा करावा आणि खर्च किती येईल?

गुलाबी प्लास्टर, म्हणजे इथलं नेहमीचं, नको. एवढं आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी भरकटणार आहे.

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये लीड्सजवळ शंभरेक वर्षं जुनं टेरेस घर, म्हणजे ओळीतलं, भिंतीला भिंत लागून असलेलं, घेतलंय, फायरप्लेस फोडून आतल्या विटा उघड्या केल्यात, ५ किलोवॅटचा स्टोव्ह येऊन पडलाय. प्लास्टरर म्हणतो, ‘नेहमीचंच मारून देतो, काही होत नाही.’ आणि पुण्याहून सासरे म्हणतात, सिमेंट मारा आणि मोकळे व्हा. ही दोन्ही वाक्यं मी माझ्या घरात, शेफील्डमध्ये, याच क्रमाने ऐकली. दोन्ही वेळा ऐकलं आणि दोन्ही वेळा घमेलं घेऊन राडारोडा उचलला. म्हणून हे उत्तर.

मी गवंड्याची मुलगी. नाना, म्हणजे माझे वडील, फलटणला गवंडीकाम करायचे. हे आधी सांगायचं कारण, पहिल्यांदा गुलाबी प्लास्टर मारताना मी समोर उभी होते आणि गप्प बसले. प्लास्टरर साठीचा, हात इतका साफ की बघत राहावं. मी एकदा विचारलं, आत विस्तव असणार आहे, चालेल ना? तो म्हणाला, ‘बी रेट, लव्ह.’ हे शेफील्डचं ‘होईल गं व्यवस्थित’. मग मी त्याला दुसरा चहा करून दिला.

स्टोव्ह बसवणारा माणूस नोंदणीकृत होता, कामाला चोख. त्याने भिंतीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, प्लास्टर माझ्या कामात येत नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात स्टोव्हच्या मागे फुगवटा आला. बोटाने वाजवलं तर पोकळ. चौथ्या आठवड्यात रात्री धप्प आवाज झाला. खाली येऊन बघते तर जेवणाच्या ताटाएवढा तुकडा मागे पडलेला आणि काजळीची धूळ पार गालिच्यापर्यंत.

यात त्या म्हाताऱ्याचा हात कमी पडला नव्हता, माल चुकीचा होता. ते गुलाबी प्लास्टर म्हणजे जिप्सम. जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाणीच असतं, दगडातच बांधलेलं. कारखान्यात ते दीडशे अंशांच्या आसपास भाजतात, त्यातलं बरंचसं पाणी उडतं आणि भुकटी होते. आपण घरी पाणी घालतो, ते पुन्हा बांधलं जातं आणि प्लास्टर घट्ट होतं. म्हणजे ज्या उष्णतेने ते बनलं, तीच तुम्ही रोज संध्याकाळी त्याला देणार. पन्नास अंशांच्या वर सतत राहिलं तरी ते हळूहळू पाणी सोडायला लागतं आणि खडूसारखं भुसभुशीत होतं. आगीपासून बचाव म्हणून जिप्समचे बोर्ड लावतात ते खरं आहे, पण तो बचाव एकदाच, घर पेटलं तर. रोजच्या शेकोटीसाठी नाही.

मग दादा आला. म्हणजे व्हिडिओ कॉलवर. माझा थोरला भाऊ सिव्हिल इंजिनिअर आहे, पुण्यात त्याच्या इमारती उभ्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत, हे मी मान्य करते. त्याने स्क्रीनवर भोक बघितलं आणि म्हणाला, ‘जिप्सम कशाला मारलंस? एकास तीन सिमेंट मार. शंभर वर्षं हलणार नाही.’ मी म्हटलं, नाना असते तर चुना म्हणाले असते. त्यावर तो हसला. ‘नाना चुना वापरायचे कारण सिमेंट परमिटवर मिळायचं. मिळायला लागल्यावर त्यांनी स्वतःचं घर कशाने बांधलं?’

सिमेंटने बांधलं. खरं आहे. सिमेंटवरचं नियंत्रण १९८२ साली अर्धंमुर्धं उठलं आणि १९८९ मध्ये पूर्ण, आणि त्यानंतर नानांनी आमच्या दोन खोल्या सिमेंटनेच वाढवल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवऱ्याने माल कालवला, आम्ही एकास तीन मारला.

दिसायला झकास. पहिला हिवाळा तर उत्तम गेला. दादाला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला. दुसऱ्या हिवाळ्यात आधी केसासारख्या भेगा, मग जिल्ह्याच्या नकाशासारख्या, आणि नाताळाच्या आधी डाव्या बाजूची एक फळीच सुटली. ती उचलून मी उलटी केली. मागच्या बाजूला विटेची लाल कातडी चिकटून आली होती. अख्खी. ज्या विटेवरून ती आली, तिचं पोट उघडं पडलं होतं आणि बोट लावलं की तांबडी भुकटी गळत होती.

तो तुकडा हातात घेऊन मला नानांचं बोलणं आठवलं. मी सातवी-आठवीत असेन, एका वाड्याची डागडुजी चालली होती, मी डबा घेऊन गेले होते. वाड्याच्या मालकाला घाई होती, त्याला सिमेंट हवं होतं. नाना म्हणाले, ‘माल विटेपेक्षा कडक करू नये मालक. दोघांचं भांडण लागलं तर माल फुटला पाहिजे, वीट नाही. माल मी परत लावीन. वीट कुठून आणू?’

इथलं शास्त्रही तेच. या जुन्या घरांच्या विटा मऊ आहेत आणि चुन्यातच बांधलेल्या आहेत. स्टोव्ह पेटला की त्या थोड्या फुगतात, विझला की बसतात. चुना त्यांच्याबरोबर थोडं हलतो. एकास तीन सिमेंट हलत नाही, ते एक तर तडकतं नाही तर विटेचं तोंड ओढून नेतं. सिमेंट वापरायचंच असेल तर एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू असा मवाळ माल लावणारे आहेत आणि त्यांचं टिकतंही. पण दादाने ते सुचवलं नव्हतं. मुद्दाम नोंदवते.

तर तिसऱ्या वेळी मी चुना मारला. स्वतः. नानांचा लाकडी रंधा मी २०१९ मध्ये बॅगेत घालून आणला होता, वापरायला नव्हे, असाच. मुठीजवळ त्यांच्या अंगठ्याचा खळगा आहे, माझा अंगठा त्यात बसत नाही, सैल पडतो.

इथे हायड्रॉलिक चुना मिळतो, गोणीवर एनएचएल लिहिलेलं असतं, पुढे ताकदीचा आकडा, २, ३.५ किंवा ५. आपल्याला ३.५. पानाला लावायच्या चुन्याचा हा भाऊबंदच, पण हा पाण्याबरोबर घट्ट व्हायला सुरुवात करतो, नुसत्या हवेची वाट बघत बसत नाही. एक भाग चुना, अडीच ते तीन भाग खरखरीत धुतलेली वाळू. मऊ पिवळी वाळू नको, तिचा माल आक्रसतो. कोणी गूळ-हिरड्याचं पाणी घालायचा सल्ला देईल, आपल्याकडच्या वाड्यांच्या व्हिडिओंमध्ये दाखवतात, नानाही घालायचे. ते त्या चुन्याला, इथे त्याचं काही काम नाही.

सुटलेलं सगळं काढायचं, विटांमधल्या दरजा बोटाच्या पेरापर्यंत खरवडायच्या, घट्ट जागी टाचे मारायचे, म्हणजे छिन्नीने खाचा पाडायच्या. काजळी तारेच्या ब्रशने निघेल तेवढी काढा, तोंडाला चांगला मास्क लावून. भिंत आदल्या रात्री आणि सकाळी भिजवा. कोरडी वीट चुन्यातलं पाणी पिऊन टाकते आणि मग तो घट्ट न होता नुसता वाळतो. पहिला हात दहा मिलिमीटरच्या आत, त्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढून ठेवा. दुसरा हात काही दिवसांनी. दोन्ही वेळा वर ओलं गोणपाट. मी रोज ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर फवारा मारत होते. नवरा म्हणाला, तू त्या भिंतीला आंघोळ घालतेस तेवढी माझी विचारपूस कर. रंधा फिरवायचा तो माल अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडेल पण बोटाला चिकटणार नाही तेव्हा. आधी फिरवला तर पाणी वर येतं, उशिरा फिरवला तर नुसता हात दुखतो. कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या लावून देतो म्हणतील, त्या लावू देऊ नका. लोखंड तापून वाढतं आणि कडा फोडून बाहेर येतं. माझ्या कडा हाताने काढलेल्या आहेत, ओळंब्यात नाहीत, आणि मला त्या आवडतात.

आता माझी चूक. हे काम मी ऑक्टोबरच्या शेवटी केलं. महिनाभर तरी विस्तव लावायचा नाही, हे मला ठाऊक होतं. पण दिवाळीला माणसं येणार होती, बाहेर सहा अंश, आणि ‘बघू तरी स्टोव्ह’ म्हणत सगळे त्याच्याच भोवती बसले. दहाव्या दिवशी पेटवला. तोही मोठा. चार दिवसांनी खालचा डावा कोपरा हातभर सुटला. बाकी भिंत आजही जशीच्या तशी आहे, तेवढा कोपरा मी परत केला, रंग थोडा वेगळा दिसतो. दादाने त्या कोपऱ्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवलाय. घरच्या ग्रुपवर चुन्याचा विषय निघाला की टाकतो.

त्याला जे मी आजवर तोंडावर म्हटलं नाही ते इथे लिहिते, तो ही साइट वाचतो. नानांनी घर सिमेंटने बांधलं, कबूल. पण त्याच घरातली आईची चूल त्यांनी सिमेंटने बांधली का? सिमेंटची गोणी दारात पडलेली असताना चूल मातीचीच घातली, भाताचं तूस घालून मळलेली. वैलाला भेग गेली की आई शेणमातीने बुजवायची, वर पोतेरं फिरवायची, झालं. कामगार पाठवून सिमेंटने लिंपून देतो, असं तूच एकदा म्हणाला होतास, आणि नाना म्हणाले होते, ‘नको, आग खेळती असते.’ मग परमिटचा प्रश्न कुठे आला?

असो. तुमच्या प्रश्नाकडे येते.

गिलावा हवाच का, हे आधी ठरवा. विटा चांगल्या असतील तर दरजा चुन्याने भरून तशाच ठेवा, सगळ्यात स्वस्त आणि कधी पडत नाही. विटा आधीच ठेचाळलेल्या असतील तर चुना. एवढा धीर नसेल तर कॅल्शियम सिलिकेटचे उष्णतारोधक बोर्ड स्क्रूने बसवून घ्या, दिसतात सपाट, टिकतात. फायर सिमेंट नावाचा डबा मिळतो, तो पाइपाच्या सांध्यांसाठी असतो, भिंतीला थापायला नाही. बाहेरच्या बाजूला, फायरप्लेसच्या तोंडावरच्या तुळईच्या बऱ्याच वर, साधं प्लास्टर चालतं. तुळईच्या लगत नको, पहिली भेग तिथूनच निघते.

जुन्या धुराड्याच्या विटांमध्ये डांबर आणि क्षार मुरलेले असतात. चुन्यातूनही तपकिरी डाग वर येतील. माझ्याकडे उजव्या बाजूला नासपतीच्या आकाराचा आहे. त्यावर घरातला साधा इमल्शन रंग मारू नका, चुन्याची सफेदी दोनतीन हात द्या, किंवा डागासकट राहा.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा आणि हातमोजे घाला; नाना घालत नसत, त्यांच्या बोटांना भेगा होत्या. आत जुनी पांढरी दोरी किंवा राखाडी पत्रा दिसला तर हात लावू नका, ॲस्बेस्टस असू शकतं, तपासून घ्या. फायरप्लेसचं तोंड रुंद केलं असेल तर वरची तुळई कोणा जाणकाराला दाखवा. स्टोव्ह नोंदणीकृत माणसाकडूनच बसवा नाही तर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवा, घर विकताना तो कागद मागतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे, खोलीच्या छताला आतून, स्टोव्हपासून एक ते तीन मीटरवर. ५ किलोवॅटच्या वर गेलात तर भिंतीत कायमचं हवेचं भोक लागतं. तुम्ही काठावर आहात, स्टोव्हच्या पाटीवरचा आकडा नीट वाचा. स्टोव्ह आणि भिंतीत किती अंतर ठेवायचं ते त्याच्या पुस्तिकेत असतं, आणि ते गिलाव्यानंतरचं अंतर. दोन हातांत वीस मिलिमीटर जातात. आम्हाला स्टोव्ह पुढे ओढावा लागला.

खर्चाचं राहिलंच. मजुरीचं मला सांगता येणार नाही, मी स्वतः केलं. चुन्याच्या २५ किलोच्या दोन गोण्या मागवल्या, कारण दादाने हिशोब करून दोन सांगितल्या होत्या. पहिलीतलीच अर्धी उरली. दुसरी न फोडता शेडमध्ये पडून आहे. लीड्सहून यायला तासभर लागेल, हवी असेल तर घेऊन जा, पण आधी बाहेरून दाबून बघा. दोन हिवाळे काढलेत तिने, आत दगड झाला असेल तर राहू द्या.